दिराच्या नावाचा भात

कोंबड्याचं साल, बारावा महिना, नववा दिवस

आज बोटीतून उतरले. धक्क्यावर एका गोऱ्या साहेबाने माझ्या दहाही बोटांना शाई फासून ती कागदावर दाबली. आमच्या गावाकडे हे खुन्याचं करतात. सहा महिने राहायची परवानगी आहे म्हणे. पुढचं पुढे.

मग नवरा दिसला. सहा वर्षं ज्याची बायको म्हणून सासूच्या घरी राबले, त्याला आज पहिल्यांदा पाहिलं. लग्नाला तो नव्हता. तो इथे परदेशात, म्हणून त्याच्या जागी सासूबाईंनी लाल फीत बांधलेला कोंबडा धरला होता आणि मी त्या कोंबड्यापुढे डोकं टेकलं होतं. तो कोंबडा सासूबाईंनी शेवटपर्यंत कापू दिला नाही. माझ्याहून चांगलं खायचा.

हा माणूस कोंबड्याहूनही कमी बोलतो. मला पाहिलं, मान खाली घातली, माझी पेटी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "दमला असाल, वहिनी."

वहिनी. आमच्या भागात कोणत्याही लग्न झालेल्या बाईला वहिनी म्हणतात, ते मला ठाऊक आहे. मासे विकणारीलाही म्हणतात. पण स्वतःच्या बायकोला कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सासूबाई गेल्यावर मीच पत्र लिहिलं होतं, "मला बोलावून घ्या, नाहीतर गावात विहीर आहे." त्या पत्राचं उत्तर म्हणून हा एक शब्द मिळाला.

बारावा महिना, चौदावा दिवस

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे नदीपर्यंत भाजीचा मळा. इथले गोरे ह्याला चार्ली म्हणतात. का, ते कोणालाच माहीत नाही. मळ्यात यिक काका आहेत. गावाकडचे, सत्तरीचे, खोकल्याने खिळखिळे झालेले.

मागच्या मोठ्या खोलीत नवी खाट आहे, मच्छरदाणी आहे, आरसाही आहे. ती खोली माझी. तो दुकानात पोत्यांवर झोपतो. पाच दिवस झाले. मी कुरूप नाही. आरसा आहे, बघितलं.

आज मी ही वही लिहीत होते तेव्हा तो पाण्याची बादली घेऊन आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. "तुम्हाला लिहिता येतं?" एवढंच विचारलं, पण चेहरा पांढराफटक. विहिरीचं पत्र मी कोणाकडून तरी लिहवून घेतलं, असंच त्याला वाटत होतं. मी सांगितलं की माझे बाबा बाजारात बसून लोकांची पत्रं लिहायचे, परदेशाहून आलेली वाचून दाखवायचे. त्यांचे डोळे गेले तेव्हापासून त्यांच्यामागे पडद्याआड बसून मीच वाचायचे. आणि तुमची सगळी पत्रंही सासूबाईंना मीच वाचून दाखवली आहेत, नदी घरात शिरली आणि कोबी अंगणातून पोहत गेले, ते पत्र तर चारदा.

बादली तशीच ठेवून गेला. पाणी सांडलं ते मी पुसलं.

ती पत्रं लिहिणारा माणूस कुठे गेला, हे मला कळत नाही. त्या पत्रांत पोपटांची भांडणं असायची, चिखलात रुतलेल्या घोडागाडीची गोष्ट असायची. सासूबाई हसून हसून रडायच्या. मीही हसायचे, तोंडावर हात ठेवून. त्या माणसासाठी मी समुद्र ओलांडला, आणि इथे आहे हा तोंडात गुळणी धरून बसलेला.

कुत्र्याचं साल, पहिला महिना, पहिला दिवस

बारा जनावरांच्या फेऱ्यात कोंबड्याचं वर्ष संपलं, नवं वर्ष कुत्र्याचं. मला साजेसं आहे.

सकाळी पूर्वजांना नैवेद्य मांडला. पाहते तर पूर्वजांच्या चौरंगावर माझ्या धाकट्या दिराचं नावच नाही. पाठचा भाऊ, इथेच परदेशात मेला. लग्नानंतर पाचव्या महिन्यात पत्र आलं होतं. मी ते वाचून दाखवलं आणि सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. बैलाच्या वर्षी जन्मला म्हणून त्याचं नाव नाऊ, बैल. दृष्ट लागू नये म्हणून असली नावं ठेवतात. मग दर सणाला त्याच्या नावाची उदबत्ती मी लावली, त्याच्या नावाचा भात मी वाढला. हे करायला त्याचा पुतण्या, म्हणजे माझा मुलगा, व्हायचा तेव्हा होईल, तोवर वहिनीच करणार. उदबत्ती विझली की तो भात कोंबड्याला जायचा.

आणि सख्ख्या भावाला त्याची आठवण नाही. मला असा राग आला की मी काही विचारलं नाही. पांढरा कागद घेतला, "लुई नाऊ" असं ठसठशीत लिहिलं, चौरंगावर उभा केला आणि पुढे भाताचा वाडगा ठेवला. "भाऊ जेवायला बसलाय. आता तुम्ही बसा," म्हटलं.

तो त्या कागदाकडे बघत बसला. एक घास गिळेना. यिक काकांना मात्र हसण्याची उबळ आली, त्यातून खोकल्याची, आणि ते पोट धरून बाहेर पळाले. सणासुदीला मेलेल्या माणसावर हसतात. म्हातारा बिघडलाय.

पहिला महिना, बाविसावा दिवस

आज मळ्यात यिक काका ओरडले, "नाऊ, दोर धर." हा चटकन वळला आणि दोर धरला. मग काकांनी मला पाहिलं. मी विचारलं, कोणाला हाक मारली? म्हणाले, "बैलाला."

आपल्याकडे बैल नाही. घोडा आहे. काकांचं आता वय झालं.

दुसरा महिना, सव्विसावा दिवस

आज पितरांच्या कबरी झाडायचा दिवस. पहाटे मी कोंबडी उकडली, कागदाचे कपडे केले, केस नीट बांधले. तो म्हणाला, "तुम्ही येऊ नका." का, तर रस्ता वाईट आहे. मी म्हटलं की ज्या बाईने तीन समुद्र पाहिले तिला रस्त्याचं काय सांगता? मोठ्या वहिनीने दिराची कबर झाडायची नाही तर कोणी? तर म्हणाला, चिखल आहे. गेल्या आठ दिवसांत पावसाचा थेंब नाही.

टोपली घेऊन एकटा गेला. आणि खिडकीतून मी काय पाहिलं, तर बेकरीवाली विधवा, मिसेस हॅनलन, हातात फुलं घेऊन त्याच्या मागोमाग त्याच वाटेने. आता कळलं पोत्यांवर झोप का लागते ते. तिच्याकडे पाणी भरून देतो, तिचं कुंपण दुरुस्त करतो. ती पाव आणून देते आणि माझ्याकडे बघून गोड हसते. आज तिचा पाव मी डुकरांना घातला.

संध्याकाळी तो परतला. डोळे सुजलेले होते. मी त्याच्यापुढे जेवण ठेवलं, आपटूनच ठेवलं.

चौथा महिना, अकरावा दिवस

लिहिण्यासारखं काही घडत नाही. त्याने खिडकीखाली पेरूचं रोप लावलं. पत्रात सासूबाईंच्या तोंडून मी एकदा लिहिलं होतं, की सुनेला पेरू आवडतात. ते ह्याच्या लक्षात आहे. बोलायला मात्र तोंडाला कुलूप.

"अहो, माझं काही चुकलं का?" असं आज विचारलं. म्हणाला, "तुमचं काही नाही, वहिनी." मी हातातली कंदिलाची चिमणी फोडली. नवी आणावी लागेल.

पाचवा महिना, एकोणिसावा दिवस

परवाना संपायला तीन आठवडे उरले. मुदत वाढवून हवी तर चौकशी होणार, म्हणून आज गोऱ्यांच्या कचेरीत बोलावलं होतं. त्याला आधी एकट्याला आत घेतलं, मग मला. दुभाष्या म्हणून ग्वान नावाचा गृहस्थ होता, वेगळ्या तालुक्यातला. माझी बोली त्याला निम्मी कळते, पण तसं कबूल करणं त्याच्या चष्म्याला शोभत नाही.

साहेबाने विचारलं, लग्नाला नवरा हजर होता का? मी खरं सांगितलं, त्याच्या जागी कोंबडा होता. ग्वानने माझ्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं आणि काहीतरी भलतंच सांगितलं. मी एवढं मोठं वाक्य बोलले होते, त्याने दोन शब्दांत उरकलं.

मग साहेबाने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतं. कान तापले. पण घेतलं. "लुई चिऊ-वान." लग्नात हेच नाव लाल कागदावर लिहून भिंतीवर लावलं होतं, सहा वर्षं मी त्याच्यावरची धूळ झटकली आहे.

साहेबाने एक जाडं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि हसला. ग्वान म्हणाला, "तुझ्या नवऱ्याच्या कागदावर नाव आहे लुई नाऊ. आणि चिऊ-वान नावाचा माणूस सात वर्षांपूर्वी ह्याच गावात मेला. पुरलाही इथेच."

मी सांगितलं, साहेबाचं पुस्तक उलटं धरलं गेलंय. मेला तो नाऊ, धाकटा. जिवंत तो बाहेर बाकावर बसलाय. ग्वानने हे सांगितलं तेव्हा कचेरीतले सगळे हसले. मला खोटारडी ठरवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हाही जर मेलेल्या माणसाचीच बायको असेन, तर पुढच्या बोटीने परत.

परत म्हणजे चुलत सासऱ्यांच्या घरी, सरपणाच्या खोलीत. सहा वर्षं कोंबड्याची बायको होते, आता मरेपर्यंत व्हायचं. मी जाणार नाही. मला बांधून न्यावं लागेल.

घरी येताना त्याला म्हटलं की त्या पुस्तकात चुकीचं लिहिलंय, तुम्ही साहेबाला का नाही सांगितलं? तुमच्याच कागदावर मेलेल्या भावाचं नाव कसं? घरी आल्यावर हातोडी घेतली आणि शाबूत असलेलं कुंपण ठोकत बसला.

पाचवा महिना, विसावा दिवस

दगडावर तर नाव असेल, असा विचार केला. दगड खोटं बोलणार नाही. ते नाव कागदावर उतरवून साहेबाच्या नाकासमोर धरणार होते.

वाट ठाऊक नव्हती, म्हणून सरळ मिसेस हॅनलनच्या दारात उभी राहिले आणि हाताने खूण केली, कबर. तिने एप्रन काढला आणि माझा हात धरून चालायला लागली. मी हात सोडवला. ती तरी चालतच राहिली.

आपल्या लोकांच्या कबरी कुंपणाच्या पलीकडे, उतारावर आहेत. तिने एका दगडापाशी नेलं. आजूबाजूचं गवत स्वच्छ काढलेलं, दगडापुढे सुकलेली फुलं. तिची. मग ती मागे जाऊन उभी राहिली.

दगडावर लिहिलं होतं: लुई चिऊ-वान. खाली वर्ष, आणि महिना, आठवा.

मी तिथेच बसले आणि बोटांवर मोजलं. माझं लग्न त्याच वर्षीच्या दहाव्या महिन्यात झालं. दोन महिने आधीच तो मेला होता. मी लाल कपडे घातले तेव्हा त्याच्यावर गवतही उगवलं असेल.

मिसेस हॅनलन खुणांनी सांगत होती. आजारी. तिच्या घरी, तिच्या खाटेवर. तिने आपल्या कपाळावर ओला फडका ठेवल्यासारखं केलं. मग दुसऱ्या माणसाची खूण केली, खाटेजवळ बसलेल्या, रडणाऱ्या. आणि आमच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

हिचा पाव मी डुकरांना घातला.

पाचवा महिना, तेविसावा दिवस

तीन दिवस लिहिलं नाही. राग मावळायची वाट बघत होते. मावळला नाही.

त्या दिवशी घरी आले तेव्हा तो काकड्या निवडत होता. मी मागे उभी राहून हाक मारली, "नाऊ." तो वळला नाही. हातातली काकडी मात्र खाली पडली.

मग सगळं बाहेर आलं. सहा महिन्यांत बोलला नाही तेवढं एका दुपारी बोलला. भाऊ तापाने गेला. घरी कळवायला त्याने कागद पुढे ओढला, पण महिना महिना अक्षर उमटेना. तेवढ्यात आईचंच पत्र आलं, की सून घरात आणली, हसते छान, आता मी सुखाने मरेन.

"एक मुलगा गेला, एवढं तर लिहायचंच होतं," तो म्हणाला. "कोणता गेला, ते माझ्या हातात होतं. आईला दादा हवा होता. मी मला मारलं."

मी विचारलं, "आणि मी? मी कोणाच्या हातात होते?"

त्याने पडलेली काकडी उचलली. मी अठरा वर्षांची होते. तेव्हा खरं कळलं असतं तर बाबांनी मला परत नेलं असतं, दुसरं घर बघितलं असतं. ह्याने आईवर माया केली आणि किंमत माझ्या वयाने चुकवली. मी हे सगळं ओरडून बोलले. यिक काका दाराशी आले तर त्यांनाही ऐकवलं, की तुम्ही हसलात, नव्या वर्षाच्या दिवशी, जिवंत माणसापुढे मी भात ठेवला तेव्हा तुम्ही हसलात. ते हळूच मळ्यात गेले.

शेवटी विचारलं, पत्रं कोणी लिहिली? पोपट, कोबी, घोडागाडी?

"मीच. दादाला अक्षर येत नव्हतं."

हे ऐकून राग कमी व्हायला हवा होता. उलट भडकला. म्हणजे तो माणूस आहे. सहा महिने भिंतीपलीकडे पोत्यांवर झोपला होता आणि मला वहिनी म्हणत होता. मी म्हटलं, बायको म्हणून कागदावर सही करताना वहिनी आठवली नाही? म्हणाला, दुसऱ्या कोणत्या नात्याने उतरू दिलं नसतं, आणि तुम्ही विहिरीचं लिहिलं होतं. मोठ्या भावाच्या बायकोला हात लावला तर लोक तोंडावर थुंकतील, असंही म्हणाला.

"इथे लोक कुठे आहेत?" मी विचारलं. "यिक काका? त्यांना थुंकायचं तर आधी दम लागतो."

तो हसला नाही. मीही नाही.

सहावा महिना, पाचवा दिवस

आज कचेरीत गेले. त्याला वाटेत सांगितलं, तुम्ही बाहेर बसा आणि नेहमी जे करता तेच करा, गप्प राहा.

विधवा म्हणून परत गेले तर गावात मान मिळेल, चुलत सासरे माझ्या नावाचं कौतुकही सांगतील. पण ज्याला मी पाहिलं नाही त्याच्यासाठी मी आणखी एक दिवस देणार नाही.

साहेबाने तेच विचारलं. मी ग्वानला सावकाश, त्याला कळेल असं सांगितलं. आमच्याकडे मुलगा जन्मला की एक नाव ठेवतात, लग्न झालं की दुसरं. नाऊ हे पाळण्यातलं, चिऊ-वान हे लग्नातलं. माणूस एकच. साहेबाने विचारलं, मग सात वर्षांपूर्वी पुरला तो कोण? मी म्हटलं, धाकटा भाऊ. दोन भाऊ एका घरात, तुमच्या कारकुनाने एकाचं नाव दुसऱ्याला लावलं.

साहेब म्हणाला, आमचे कारकून अशा चुका करत नाहीत.

मी म्हटलं, "मग माझ्या परवान्यावर माझं आडनाव काय आहे ते मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. ग्वानचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते माझं आडनाव नाही, माझ्या माहेरच्या गावाचं नाव आहे. धक्क्यावर ह्यांनी विचारलं कुठली, मी सांगितलं, ह्यांनी तेच आडनाव करून टाकलं. नाव मात्र मिसेस चार्ली. मी विचारलं, बोटं माझी आहेत, शाई तुमची आहे, आता ही बाई कोण ते तुम्हीच सांगा.

साहेब लालबुंद झाला. बराच वेळ कागद चाळले. मग शिक्का मारला. सहा महिने. त्यानंतर पुन्हा या, पुन्हा सिद्ध करा. मी आभार मानले नाहीत.

पायऱ्यांवर ग्वान मागून आला. चष्मा पुसत म्हणाला, "दगडावरचं मीही वाचलंय, वहिनी. ह्या लोकांना ते वाचता येत नाही, एवढं बरं आहे." आणि टोपी घालून निघून गेला.

सहावा महिना, सहावा दिवस

सकाळी मिसेस हॅनलनकडे गेले आणि तिचं पाणी मी भरून दिलं. ती नको नको म्हणत होती. पाव दिला, तो घेऊन आले.

मग चौरंगावरचा तो पांढरा कागद काढला आणि चुलीत घातला. नवा घेतला, त्यावर लिहिलं, लुई चिऊ-वान. कोणाचं नाव लिहितेय ते आता माहीत होतं. उदबत्ती लावली, भात ठेवला. बिचाऱ्याला माझ्याकडून पहिल्यांदाच मिळाला. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

जेवायच्या वेळी नाऊ दारात उभा राहिला. चौरंगाकडे पाहिलं, आणि तिथेच डोळ्यांना बाही लावली.

"वहिनी," तो म्हणाला.

"कचेरीत तू चिऊ-वान," मी म्हटलं. "सहा महिन्यांनी परत विचारतील तेव्हाही चिऊ-वान. तुझं खोटं आहे, तूच ते जन्मभर पांघर. पण ह्या घरात तू नाऊ आहेस, आणि ह्या घरात आता कोणाची वहिनी राहत नाही. सहा वर्षं तुझ्या नावाचा भात वाढला आणि दरवेळी तो कोंबड्याने खाल्ला. आज तू खा."

तो बसला. दोन्ही हातांनी वाडगा धरून खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत. मग वाडगा पुढे केला.

मी आणखी वाढला. राग आहेच, तो जेवण झाल्यावर.